मुक्काम पोस्ट १२७.०.०.१

माझं पोट ब्राउझरला फसवून भरतं. मुलगी बघायच्या कार्यक्रमात हे असं सांगणं बरं दिसलं नसतं, म्हणून घरच्यांनी ‘मुलगा सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे’ एवढंच सांगितलं.

समजा, एका दुकानाच्या वेबसाइटची नवी आवृत्ती माझ्या लॅपटॉपवर तयार आहे आणि आपोआप चालणाऱ्या टेस्ट तिच्यावर सोडायच्या आहेत. पण साइटला स्वतःच्या नावाचा भारी अभिमान. कुकी त्याच नावाच्या, मराठी पानं एका सबडोमेनवर, इंग्रजी दुसऱ्यावर. नुसतं ‘लोकलहोस्ट’ म्हणून हाक मारली तर आपण तिचे कोणीच नाही. बरं, खऱ्या नावाने हाक मारावी, तर ब्राउझर डीएनएसला पत्ता विचारत थेट खऱ्या दुकानात पोचतो आणि टेस्ट तिथे इमानेइतबारे चाळीस मिक्सर मागवून येते.

तेव्हा नाव खरं ठेवायचं आणि पत्ता द्यायचा १२७.०.०.१. जो विचारतोय त्याचंच हे घर. खरं तर १२७ ने सुरू होणारे सगळेच्या सगळे, म्हणजे १,६७,७७,२१६ पत्ते इंटरनेटच्या वडीलधाऱ्यांनी स्वतःशी बोलण्यासाठी राखून ठेवलेत. बाहेर आयपीव्ही४ चे पत्ते पैसे मोजून घ्यावे लागतात आणि इथे एवढी जागा एकांतासाठी!

हा पत्ता सांगायची जुनी जागा म्हणजे होस्ट्स फाइल. इंटरनेटच्या पूर्वजाच्या, म्हणजे आर्पानेटच्या काळात अख्ख्या नेटवर्कवरच्या यंत्रांची नावं एकाच यादीत मावत. ती यादी कॅलिफोर्नियातल्या एसआरआय संस्थेत एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी सांभाळत. यंत्रं वाढली, यादी आवरेना, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस मांडलं. फाइल मात्र गेली नाही. एकत्र कुटुंबातल्या आजोबांसारखी ती प्रत्येक संगणकात बसून आहे. घर कोणीही चालवो, आधी त्यांना विचारायचं. आणि आजोबा म्हणतील तो पत्ता.

फक्त आजोबांना घाऊक कारभार चालत नाही. एकेक सबडोमेन सुटं लिहून द्यावं लागतं आणि लिहायला अ‍ॅडमिनची परवानगी लागते. आयटी विभागाकडून ती मिळेपर्यंत वेबसाइट जुनी होते.

म्हणून क्रोमच्या कानात परस्पर मंत्र फुंकतात. सुरू करतानाच ‘होस्ट-रिझॉल्व्हर-रूल्स’ हा पर्याय द्यायचा आणि त्यात लिहायचं: मॅप, मग एक तारका, मग १२७.०.०.१ आणि आपल्या सर्व्हरचा पोर्ट. तारका म्हणजे त्रिभुवन. आता फॉन्ट आणायला निघालेला, जाहिराती मोजायला निघालेला, बँकेत पैसे भरायला निघालेला, सगळे माझ्याच लॅपटॉपच्या दारात. सर्व्हर बिचारा प्रत्येकाला ४०४ देत बसतो. एचटीटीपीएस असेल तर ब्राउझर प्रमाणपत्र मागतो. ते कुठून आणणार? मग त्याला सांगायचं, प्रमाणपत्रातल्या चुका मनावर घेऊ नकोस. नाही घेत!

काही मंडळी खऱ्या नावाच्या फंदात न पडता ‘डॉट डेव्ह’ असं शेपूट लावून काल्पनिक नावं पाडत. पुढे ते शेपूट गूगलच्या मालकीचं झालं आणि २०१७ च्या डिसेंबरात क्रोमने सगळ्या डॉट डेव्हवर एचटीटीपीएस सक्तीचं केलं. घरातल्या घरात चाललेल्या कित्येक साइट एका अपडेटने उघडेनाशा झाल्या. वास्तविक १९९९ सालीच आरएफसी २६०६ या इंटरनेटच्या नियमपत्राने ‘डॉट टेस्ट’ हे शेपूट खास आमच्यासारख्यांसाठी राखून ठेवलं होतं. पण आरएफसी वाचायला वेळ असता तर माणूस टेस्टर कशाला झाला असता?

क्रोमचा मंत्र निदान ब्राउझर बंद केला की उतरतो. होस्ट्समधली ओळ कोणी पुसेपर्यंत हलत नाही. आमच्या एका टीम लीडने दुकानाच्या खऱ्या नावाची ती ओळ तशीच ठेवली होती. एका सकाळी खरी साइट कोसळली, दुकानाच्या मालकांचे फोन सुरू झाले. याने लॅपटॉप उघडला, साइट झकास चालू! वर चपळ इतकी की विचारू नका.

“अहो, माझ्याकडे तर छान चालतेय,” तो ठामपणे म्हणाला.

“बरं मग,” मालक म्हणाले, “आजच्या ऑर्डरी किती आल्यात, तेवढं बघून सांगता का?”

“चाळीस मिक्सर,” टीम लीड म्हणाला.