फुकटात कॉर्नवॉल : नवशिक्यांसाठी श्वानसेवा

इंग्लंडच्या समुद्रकाठी दगडी कॉटेज, खिडकीतून निळं पाणी, आणि भाडं शून्य. हे ऐकून तुमचे कान टवकारले असतील तर अभिनंदन. पुढची सगळी कामं कान टवकारणाऱ्यांचीच आहेत.

पद्धत अशी. घरमालक जोडपं तीन आठवडे ग्रीसला ऊन खायला जातं. तुम्ही त्यांच्या घरात राहायचं आणि कुत्रा, मांजर, टोमॅटोची रोपं यांची उस्तवार करायची. पैसे कुणी कुणाला द्यायचे नाहीत. फक्त अशी घरं आणि अशी माणसं ज्या संकेतस्थळावर जुळवली जातात, तिथली वार्षिक वर्गणी तुम्ही भरायची. बिनपगारी गडी व्हायला आधी फी भरावी लागते, हे एकदा मनाला पटलं की पुढचं सोपं आहे.

१. व्हिसाचं आधी पाहा. पर्यटक म्हणून गेलेल्याला तिथे काम करता येत नाही, आणि राहण्याच्या बदल्यात कुत्रा सांभाळणं हे काम की मौज, असा प्रश्न विमानतळावरच्या अधिकाऱ्याला पडू शकतो. त्याला तो पडण्याआधी तुम्हाला पडू द्या आणि नियम नीट विचारून घ्या. रेडिंग-स्लाऊला स्थायिक झालेल्या मराठी मंडळींना ही धास्ती नाही. त्यांनी खुशाल पुढच्या पायरीवर जावं.

२. स्वतःची माहिती लिहा. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला बसलेले असाल तर निम्मी तयारी झालीच आहे. निर्व्यसनी, मनमिळाऊ, बागकामाची आवड. ‘लहानपणी वाड्यातल्या मोत्याला शिळी पोळी घालायचो’ हा अनुभव मात्र गाळा. मग व्हिडिओ कॉल होईल. त्यात कुत्र्याला कॅमेऱ्यासमोर आणतील. आधी त्याच्याशी बोला, मालकांशी नंतर. त्याने जांभई दिली तर नाउमेद होऊ नका. मात्र तो उठून गेला तर दुसरं घर शोधा.

३. पुस्तिका पाठ करा. घरात पाऊल टाकताच टेबलावर एक जाडजूड फाईल दिसेल. कोणत्या रंगाचा कचऱ्याचा डबा कोणत्या आठवड्यात फाटकाबाहेर ठेवायचा, पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे, सेप्टिक टाकीत काय जाता कामा नये, मांजर कोणत्या खिडकीतून येतं आणि कोणत्या खिडकीतून येतं असं त्याला वाटतं, हे सगळं त्यात असतं.

त्यातलं ‘आगा’ हे प्रकरण दोनदा वाचा. आगा म्हणजे कुणी खानसाहेब नव्हेत. ती बिडाची अवजड शेगडी आहे. गुस्ताफ डालेन या स्वीडिश नोबेलविजेत्याने ती १९२२ साली बनवली. स्फोटात त्याची दृष्टी गेली होती. घरी बसल्यावर बायकोचे चुलीपुढचे कष्ट त्याच्या ध्यानात आले, असं सांगतात. डोळस नवऱ्यांनी हे वाक्य सोडून पुढे जावं. जुन्या पद्धतीची आगा रात्रंदिवस तापलेली असते आणि आच कमी-जास्त करायला तिला बटण नसतं. भांडंच जास्त तापलेल्या तव्यावरून कमी तापलेल्या तव्यावर सरकवायचं. तिच्या पायाशी कुत्रा झोपतो, त्यामुळे पोळ्या करायच्या असतील तर आधी त्याची परवानगी घ्या. फोडणी घालू नका. घातलीत, तर धुराचा गजर होईल आणि शेजारच्या आजीबाई काळजीने येतील. त्या येतील म्हणून थोडी भाजी जास्त करा.

४. खाली सांडू नका. कांदा आणि लसूण कुत्र्याला विषारी. त्याचा चातुर्मास बारा महिने चालतो. द्राक्षं, मनुका, चॉकलेटही वर्ज्य, म्हणजे प्रसादाचा शिरा गेला. त्याचं स्वतःचं जेवण फ्रीजमध्ये ग्रॅमवारी मोजून ठेवलेलं असेल. तुमच्यासाठी अर्धी बाटली दूध आहे.

५. समुद्रावर जा, पण वेळ पाहून. कॉर्नवॉलच्या बऱ्याच लोकप्रिय किनाऱ्यांवर उन्हाळ्यात सकाळी १० ते संध्याकाळी ६ कुत्र्यांना बंदी असते. पोस्टकार्डावर जो समुद्र असतो तो नेमका याच वेळातला. तुम्हाला पहाटेचा मिळेल, आडव्या पावसासकट. विष्ठेच्या पिशव्या खिशात ठेवा. भरलेली पिशवी हातात घेऊन सूर्योदय पाहण्याची सवय दोन दिवसांत होते. भरतीबरोबर मेणचट पांढरे गोळे वाहून येतात. ते गोठलेलं पाम तेल असू शकतं. कुत्र्यांना त्याचा वास फार आवडतो आणि पोटाला ते घातक असतं. म्हणजे समुद्राकडे पाहायचं नाही, वाळूकडे पाहायचं.

वर कड्यावर गेलात तर मेंढ्या. तिथे पट्टा सोडू नका. कुत्र्याने मेंढ्यांचा पाठलाग केला तर १९५३ च्या कायद्याने तो गुन्हा आहे, आणि काही परिस्थितींत शेतकऱ्याने कुत्र्याला गोळी घातली तरी कायदा त्याच्या बाजूने उभा राहतो. हे मालकांना ग्रीसमध्ये फोनवर कळवण्याची कल्पना करा आणि पट्टा हाताला दोन वेढे घेऊन धरा.

६. पर्यटन करा. फाईलमध्ये ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं : ‘त्याला चार तासांपेक्षा जास्त एकटं ठेवू नये.’ आता हिशेब मांडा. सेंट आयव्ह्जला बसने जायला एक तास, यायला एक, बस चुकली त्याचा एक. उरलेल्या तासात टेटचं कलादालन की गरम पेस्टी? पेस्टी घ्या. ती तुमच्या हातातून सीगल नेईल. त्याला दगड मारू नका, १९८१ च्या वन्यजीव कायद्याने तो संरक्षित आहे. तुमच्यासाठी तशी तरतूद नाही. कड्यात कोरलेलं मिनॅक नाट्यगृह १९३२ पासून तिथे आहे, पण नाटक अडीच तासांचं, त्यामुळे मध्यंतरापर्यंतच बघा. माइनहेडपासून पूल बंदरापर्यंत किनाऱ्याने ६३० मैलांची पायवाट जाते. तिच्यातला कुत्र्याला आवडणारा पाऊण मैल तुम्ही रोज दोनदा चालाल.

७. रोज फोटो पाठवा. कुत्रा प्रसन्न दिसला पाहिजे. तुम्ही चौकटीत येऊ नका. आलात तर ‘तो जरा दमलेला वाटतोय’ असं उत्तर येईल, आणि ते कुणाबद्दल आहे हे विचारायची सोय नसते.

८. निघताना चादरी धुवा, जमिनी पुसा, आलात तेव्हा होतं त्यापेक्षा जास्त दूध फ्रीजमध्ये ठेवा. मालक उन्हाने रापून परततील. पाच तारे देतील. पुढच्या वर्षी सहा आठवडे याल का, विचारतील. कोंबड्याही पाळायचा विचार आहे म्हणतील. तेव्हा त्यांना सांगा की ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंडमध्ये एक कोंबडी ठेवली तरी सरकारदरबारी नोंद करावी लागते. मग तो कागद फाईलमध्ये कुठे लावायचा हेही दाखवा : सेप्टिक टाकीनंतर, मांजराच्या आधी. त्यांना ते पान सापडणार नाही.