मुंज्याला मुलगी कोण देणार?

भुतं काळाबरोबर चालतात. आधी ती वडा-पिंपळावर राहायची, मग पडक्या हवेल्यांत गेली, पुढे त्यांनी फ्लॅट घेतले. आता मोबाइलमध्ये शिरली आहेत. ज्या पिढीला ज्याची धास्ती, तिथे तिच्या भुताचा मुक्काम. सिनेमावाल्यांना हे समाजशास्त्रज्ञांच्या आधी कळतं, कारण त्यांचा पैसा अडकलेला असतो.

जपानचंच बघा. 1954 साली अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली, किरणोत्सारी राख जपानी मच्छीमारांच्या बोटीवर पडली आणि त्याच वर्षी पडद्यावर समुद्रातून गॉडझिला वर आला. आपल्याकडे हिशोब सावकाश होतो, पण होतो. 1949 च्या ‘महल’ला ओस पडलेला वाडा लागला, कारण राजे-जमीनदारांचे दिवस भरत आले होते आणि रिकाम्या वाड्यांना तोटा नव्हता. रामसे बंधूंनी 1972 मध्ये ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ काढला आणि पुढे भुताला तालुक्याच्या टॉकीजपर्यंत आणून सोडलं. त्यांच्या 1984 च्या ‘पुराना मंदिर’मध्ये राजघराण्याला शाप असतो: या घरातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरणार. शहरी समीक्षकांनी नाकं मुरडली. तालुक्यातल्या बाया मात्र पदर तोंडात धरून बघत होत्या. दवाखाना लांब, रस्त्यात नाला, बैलगाडी चिखलात. त्यांच्याकडे ही भीती शापाशिवायच होती.

1993 च्या ‘झपाटलेला’त गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरला, कारण तेव्हा मुंबईत गुंड सगळीकडेच शिरले होते. 2003 मध्ये रामगोपाल वर्मांनी ‘भूत’ उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये आणलं. ज्याच्या मानेवर गृहकर्जाचा हप्ता बसलाय, त्याला दुसरं भूत कशाला हवं, हा प्रश्न वेगळा.

एक भूत मात्र कधीच जुनं झालं नाही. बाई. केस मोकळे, पाय उलटे, साडी पांढरी. टॉकीजात पुरुष तिला घाबरतात आणि टॉकीजाबाहेर बाईने पुरुषांना घाबरायचं असतं. सातपुड्याच्या पाड्यांवर एखादीला ‘डाकीण’ ठरवून मारहाण होते. 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर. पाड्यावर कुणी आजारी पडलं, कुणाची गुरं दगावली, की एकटी, वयस्कर, थोडी जमीन नावावर असलेली बाई नेमकी ‘डाकीण’ निघते. भूतबाधेला सातबारा बरोबर वाचता येतो.

आता 1988 साल घ्या. त्या वर्षी ‘वीराना’ आला. सुंदर मुलीच्या अंगात चेटकीण, प्रेक्षकांची झुंबड. त्याच वर्षी महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला, देशात पहिला. म्हणजे एकाच वर्षी दोन भयपट सुरू झाले. टॉकीजातला तीन तासांत संपला. सोनोग्राफीच्या खोलीतला चालूच राहिला. तिथे अंधार होता, पडदाही होता, फक्त किंकाळी नव्हती.

हा दुसरा सिनेमा मराठीत पडद्यावर यायला 2017 उजाडलं. विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’. गरोदर बाई, भोवती ऊस, उसात हरवलेलं एक घर, आणि त्या घरात जेवायला वाढणारी, पाठीवरून हात फिरवणारी, गोड बोलणारी म्हातारी. अंगावर काटा येतो तो भुतांमुळे नाही, त्या म्हातारीमुळे. कारण भुतं कुणाची आहेत ते आपल्याला कळतं आणि म्हातारी कुणासारखी दिसते तेही कळतं. सगळ्यांत घाबरवणारे प्रसंग भर उन्हातले आहेत. अमावस्येची गरजच पडत नाही. पुढे 2021 मध्ये तो हिंदीत ‘छोरी’ नावाने आला. देशभर कळला, याचा आनंद मानायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

मुक्ताईनगरच्या वाचकाने इथे थांबून वर पाटी वाचावी. हे पूर्वीचं एदलाबाद. गावाने मुक्ताई या मुलीचं नाव लावलंय. साधीसुधी नाही, चौदाशे वर्षं जगलेला, वाघावर बसून येणारा चांगदेव जिच्यापुढे शिष्य म्हणून बसला, अशी आपण कथा सांगतो ती मुलगी. कोथळीला तिच्या दर्शनाला रांग लागते, आषाढीला तिची पालखी इथून पार पंढरपूरला जाते. आणि 2011 च्या जनगणनेत याच जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली होत्या 842. राज्याची सरासरी 894, तीही मिरवण्यासारखी नव्हे. मुक्ताईला नमस्कार आणि मुक्ताईच्या वयाच्या मुलीला नकार, असा आमचा वारकरी संप्रदाय.

पण देणं फेडल्याशिवाय भूत सोडत नाही, हे रामसे बंधूंनाही ठाऊक होतं. हिवाळ्यात मळ्यात भरताची पार्टी रंगते. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजली जातात, बडगीत ठेचली जातात, केळीच्या पानावर भरीत-पुरी येते. पूर्वी अशा रात्री नदीकाठच्या भुताची गोष्ट निघायची. आता कोणीतरी मोबाइल काढतो आणि मुलाचा बायोडाटा पुढे सरकवतो. “काय भो, कुठे काही जमतं का बघा. पोरगं निर्व्यसनी आहे. आठ एकर बागायती, ठिबक आहे.” समोरचा विचारतो, “नोकरी?” की जाळाभोवती स्मशानशांतता. बत्तीस वर्षांचा मुलगा मान खाली घालून पुरी मोडत राहतो. केळीवर सीएमव्ही रोग आला, वादळाने बाग झोपली, भाव पडला, तरी बाप एवढा घाबरलेला दिसत नाही.

बापाचं म्हणणं, मुलींच्या अपेक्षा वाढल्या. वाढल्याच आहेत आणि वाढायलाच हव्यात. पण ज्या जन्मालाच आल्या नाहीत त्यांच्या अपेक्षा कोणी विचारल्या होत्या? मग दलालाला लाखभर मोजून लांबून नवरी आणली जाते, आणि हळद उतरायच्या आत ती दागिन्यांसह पसार झाल्याची बातमी पेपरात येते. गाव हसतं. हसताना कोणीही 842 चा आकडा काढत नाही.

म्हणूनच 2024 चा ‘मुंज्या’ शंभर कोटींच्या वर गेला, त्याचं आमच्याकडे कोणाला नवल वाटलं नाही. यावल तालुक्यात अट्रावलला मुंजोबाची यात्राच भरते, त्यामुळे ओळख जुनी. सिनेमातल्या भुताची मागणी एकच असते: माझं लग्न लावून द्या. आदित्य सरपोतदारांनी भूत कोकणातलं घेतलं. खान्देशात आले असते तर कास्टिंगचा खर्च वाचला असता.

‘स्त्री’ सिनेमात गावातले पुरुष भिंतीवर विनंती लिहून ठेवतात, बाई, आज नको, उद्या ये. ती रोज वाचते आणि परत जाते. आम्हीही तेच केलं, फक्त भिंतीवर न लिहिता सोनोग्राफीच्या खोलीत सांगितलं. तीही आज्ञाधारक निघाली. आता आम्ही दार सताड उघडं ठेवून, मांडव घालून, बँडवाल्याला इसार देऊन बसलो आहोत, आणि उंबऱ्यावर कोणी नाही.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. तोवर कुठे चोरून तपासणी चालते हे ठाऊक असेल, तर आरोग्य विभागाला कळवा. माहिती खरी ठरून खटला उभा राहिला तर सरकार एक लाख रुपये बक्षीस देतं आणि नाव गुप्त ठेवतं. दलालाला द्यायचे तेवढेच पैसे, उलट दिशेने.