एमॅक्सच्या सूचना-यादीस खुले पत्र

सूचना-यादी,

तुझ्याकडून खुलासा हवा आहे आणि तो चारचौघांदेखत हवा आहे, म्हणून हे खुले पत्र.

मी महाडकडचा. आमच्या तालुक्यातल्या तळीये गावावर 22 जुलै 2021 रोजी दरड कोसळली, 80हून अधिक माणसं गेली. मग आल्या याद्या: मृतांची, बेपत्तांची, वारसांची, नव्या घरांची. यादीतून एक ओळ गळणं म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

आता तुझा कारभार बघ. एमॅक्स या मजकूर-संपादकात गावच्या कुटुंबांची यादी उघडली आहे, ‘दुबार’ शेरा असलेल्या ओळी काढायच्या आहेत. ऑल्ट-एक्स दाबून ‘डिलीट’ लिहिलं आणि टॅब मारला की तू नावांची रांग उभी करतेस. तीत ‘डिलीट-मॅचिंग-लाइन्स’ आहे आणि ‘डिलीट-नॉन-मॅचिंग-लाइन्स’ही. पहिली आज्ञा दुबार ओळी पुसते. दुसरी फक्त दुबार ओळी ठेवते आणि कर्सरपासून खालची बाकी सगळी कुटुंबं पुसून टाकते. दोन्ही नावं तू सारख्याच निर्विकारपणे पुढे करतेस. घाईतल्या माणसाने इंग्रजीतल्या त्या एका ‘नॉन’वर नजर रोखून बसायचं का?

‘अन्‌डू आहे ना,’ असं सांगू नकोस. चूक लगेच दिसली तर अन्‌डू कामाचं. फाइल सेव्ह करून बंद केली की तेही गेलं.

माझा खरा राग वेगळाच आहे. माहिती तुझ्याकडे नाही असं नाहीच. एमॅक्समध्ये आज्ञा लिहिणाऱ्याने तिच्या वर्णनाची पहिली ओळ पूर्ण वाक्यात लिहावी, असा जुना दंडक आहे. या दोन्ही आज्ञांची कामं तशी स्वच्छ लिहिलेली आहेत. कंट्रोल-एच आणि मग एफ दाबून नाव दिलं की ती दिसतात. पण निवड करायच्या क्षणी तू ती दडवून ठेवतेस. ‘मार्जिनेलिया’ हे पॅकेज वेगळं बसवलं की तेच वाक्य नावाशेजारी उमटतं. म्हणजे अडचण तंत्राची नाही. एमॅक्सच्या 2022 मधल्या 28व्या आवृत्तीत, चालू कामाशी संबंध असलेल्याच आज्ञा दाखवायची सोयही आली, पण ती आपण होऊन मागावी लागते. नवख्याला ती आहे हेच कुठून कळणार? जाणत्याने आपली सोय केव्हाच करून घेतलेली असते. उपाशी राहतो तो नवखा.

जीएनयू एमॅक्स 1985 पासून लोकांच्या हातात आहे. इतक्या वर्षांनंतर एवढंच मागतो: प्रत्येक नावाशेजारी त्या आज्ञेचं एक वाक्य, कुणी न मागता. पुसणारी आज्ञा असेल तर किती ओळी जाणार, तो आकडा आधी. आणि ते वाक्य मराठीत लिहून जोडायची सोय. लिहायला आम्ही बसतो.

महाड तालुक्यातला एक वापरकर्ता