पाचवे चाक आणि सव्वाचार फूट

पाचवे चाक हे मुळात चाकच नाही, ही या विषयातील पहिली अडचण होय. चार चाकांच्या घोडागाडीचा पुढचा आस वळावा म्हणून आस आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये जे आडवे लोखंडी कडे बसवीत, त्याला पश्चिमेकडे हे नाव पडले. पुढे घोडे गेले, कड्याच्या जागी ग्रीस माखलेली, मागून खाच असलेली जाड तबकडी आली, परंतु नाव मात्र कोकणातील सातबाऱ्यावरच्या मयत पणजोबांप्रमाणे आहे तिथेच राहिले. ट्रेलरच्या नाकाखाली सुमारे दोन इंच जाडीची उभी खुंटी असते, ती या खाचेत अडकते आणि तिच्याभोवती ट्रेलर फिरतो. महामार्ग क्र. 66 वर कणकवली-कुडाळच्या दरम्यान कंटेनर वाहणारी जी अजस्र वाहने दिसतात, त्यांचे सारे संसार या एका खुंटीवर चालतात.

1988 च्या मोटार वाहन कायद्यात अशा ट्रेलरला अर्धट्रेलर म्हटले असून, ज्याचा काही भाग ओढणाऱ्या वाहनावर टेकलेला असतो आणि ज्याच्या वजनाचा काही हिस्सा ते वाहन सोसते, तो अर्धट्रेलर, अशी त्याची व्याख्या आहे. मुंबईच्या चाकरमान्याच्या पगारावर टेकलेल्या गावच्या धाकट्या भावालाही ती लागू पडते, हे कायदेपंडितांच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून, एरवी मासळीचे क्रेट आणि मे महिन्यात आंब्याच्या पेट्या वाहणाऱ्या पिकअपच्या हौद्यात पाचवे चाक बसवून त्याला फिरते घर जोडावे आणि ते तारकर्लीच्या सुरूबनात उभे करावे, हा विचार निदान कागदावर चर्चेस पात्र ठरला आहे. तेथेच आखूड हौद्याचा प्रश्न उद्भवतो. भार दोन्ही आसांत वाटला जावा म्हणून खुंटी मागच्या आसाच्या वर किंवा किंचित पुढे यावी लागते; हौदा आखूड असला की ती केबिनच्या फारच जवळ येते. साडेआठ फूट रुंद ट्रेलर काटकोनात वळला तर त्याची अर्धी रुंदी, म्हणजे सव्वाचार फूट, केबिनच्या दिशेला येते, आणि तेवढे अंतर नसेल तर घराची भिंत चालकाच्या मागच्या काचेतून आत डोकावते. अमेरिकेत यावर सरकता जोड काढला आहे. त्याचा एक प्रकार चालकाने खाली उतरून, कळ ओढून मागे सरकवायचा असतो, तर दुसरा वळताना आपोआप सरकतो. पहिला स्वस्त आहे; परंतु मालवणच्या भरड नाक्यावर, मागे एसटी कर्कश भोंगा वाजवीत असताना, खाली उतरून कळ ओढण्याचे धैर्य ज्याच्याजवळ असेल त्याने पैसे वाचवावेत, इतरांनी दुसराच घ्यावा.

वस्तुतः ओढणारा आणि ओढला जाणारा यांच्यात थोडी मोकळीक हवी, हे तत्त्व बैलगाडीने फार पूर्वी ओळखले होते. जू दांडीला खिळ्याने न ठोकता नाड्याने बांधीत, त्यामुळे एक बैल पाऊलभर पुढे गेला तरी गाडी कुरकुरत का होईना, पण चालत असे. वजनाचे शास्त्रही जुनेच होते: माल पुढे अधिक झाला तर गाडी धुरजड होऊन बैलांच्या मानेवर बसे, आणि मागे अधिक झाला तर ती उलाळ होऊन जू वर उचले. आजचे तंत्रज्ञ ट्रेलरच्या वजनाचा पंधरा ते पंचवीस टक्के भार खुंटीवर असावा असे सांगतात, म्हणजे तीन टनांच्या ट्रेलरचे साडेचारशे ते साडेसातशे किलो; गाडीवान हाच हिशेब दांडी हाताने उचलून करी, आणि त्यासाठी त्याला पुस्तिका लागत नसे.

जोडाची खरी कसोटी मात्र पुढे जाताना लागत नाही. मालवणच्या गल्ल्यांत समोरून दुसरे वाहन आले की कोणी मागे जायचे हा प्रश्न तत्त्वाचा होतो, आणि तो सुटेपर्यंत चहा येतो. अखेर ट्रेलरवाल्यानेच माघार घ्यायची ठरली तर स्टिअरिंग डावीकडे फिरवल्यास ट्रेलरचे शेपूट उजवीकडे जाते, हे ज्ञान त्याला त्याच क्षणी होते. मार्गदर्शनासाठी विनामूल्य मंडळ तत्काळ जमते, ‘येवंदे, येवंदे’ असा अखंड घोष चालू राहतो, आणि ‘रव’, म्हणजे ‘थांब’, हे मालवणी क्रियापद व्याकरणात आज्ञार्थी गणले जात असले, तरी प्रत्यक्ष व्यवहारात ते भूतकाळवाचक आहे, कारण चिऱ्याचा गडगा कोसळल्याशिवाय त्याचा उच्चार झाल्याचे आढळत नाही.