एक नंबर मोठा

गांधीजी ३० एप्रिल १९३६ ला वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले, तेव्हा त्यांचं टपाल सारखं चुकून बुलढाण्याच्या शेगावला जायचं. शेवटी १९४० मध्ये सेगावचं सेवाग्राम करावं लागलं. ही गोष्ट आम्ही वर्धेकर पाहुण्यांना कौतुकानं सांगतो, पण तिच्यातलं मर्म मला त्रेपन्नाव्या वर्षी कळलं. शेगाव ते वर्धा म्हणजे दोनशेवर किलोमीटर. चुकलेलं पत्र तेवढं अंतर एका पाकिटात पार करायचं. मला तेच अंतर उलट दिशेनं पायी जायचं होतं, आणि माझं सामान पाकिटात मावत नव्हतं.

माघ वद्य सप्तमीला शेगावच्या गजानन महाराजांचा प्रकटदिन. आमच्या गल्लीतली दिंडी दहा दिवस आधी निघते. देवळी, पुलगाव, मग वर्धा नदी ओलांडून धामणगाव, चांदूर रेल्वे, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, शेगाव. "यंदा मी पण येतो पायदळ," असं मी गणपतीच्या पंगतीत बोलून गेलो. तेव्हा पोट भरलेलं होतं. भरल्या पोटी माणूस कितीही चालू शकतो.

पुण्याहून मुलीचा फोन आला. "बाबा, बूट संध्याकाळी घ्या. दिवसभरात पाय फुगतात. आणि एक नंबर मोठा घ्या, बोटं पुढे आपटायला नकोत." सल्ला शास्त्रशुद्ध होता. मी संध्याकाळी दुकानात गेलो.

"कुठं चढाचं हाय, काका?" पोरानं विचारलं.

"चढायचं नाही. शेगावला जायचंय."

"मंग रेल्वेनं जा नं."

पायदळ म्हटल्यावर त्यानं एक दणकट बूट काढला. "हा हिमालयात चालते, काका." माझ्या डोळ्यांसमोर फेब्रुवारीतलं पुलगाव आलं. तिथं बर्फ फक्त रसवंतीत सापडतो. पण बूट जड होता, महाग होता, आणि अडचणीची वस्तू जितकी जड तितकी भक्ती मोठी असं मनात कुठंतरी असतंच. पोरगा म्हणाला, "एक नंबर मोठा घ्या, मोजे जाड येतीन." मुलीनं एक नंबर सांगितला होता, पोरानं एक सांगितला. मी कोणालाच दुखावलं नाही. आठचा पाय दहाच्या बुटात घालून घरी आलो.

नवा बूट आधी घरात घालून मुरवावा म्हणतात. मी मुरवू लागलो. बायको म्हणाली, "अहो, तो बूट हॉलमध्ये मुरवा, देवघरात नको." म्हणून मी सेवाग्राम रस्त्यावर सराव सुरू केला. एका रविवारी थेट आश्रमात पोचलो, आणि तिथंच घोटाळा झाला. बापू कुटीत त्यांच्या मोजक्या वस्तू मांडून ठेवल्या आहेत. त्यांत त्यांच्या पादुका आहेत. मी पादुकांकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. दांडीयात्रेत ७८ सोबती होते, २४ दिवस, २४१ मैल. प्रत्येकाच्या झोळीत अंथरूण, बदलायचे कपडे, टकळी, असं थोडकंच. ही झाली गुजरातची गोष्ट, पण आमच्याकडचे विनोबा तर १९५१ ला भूदानासाठी बाहेर पडले ते गावोगाव चालत १९६४ ला पवनारला परतले. नालवाडीच्या चर्मालयात चपला बनायच्या त्यासुद्धा आपल्या मरणानं मेलेल्या जनावराच्या कातड्याच्या. एकूण वर्धा हा खरेदीला फार अवघड जिल्हा आहे. काहीही विकत घेतलं की कोणीतरी थोर माणूस त्याशिवाय चाललेला निघतो.

मग मी निश्चय केला, सामान सहा किलोच्या वर जाऊ द्यायचं नाही. रद्दीवाल्याचा ताणकाटा मागून आणला. टूथब्रशचा अर्धा दांडा कापला. टॉवेल बाद करून पंचा घेतला. डायरीची कोरी पानं फाडली, तेव्हा बायकोनं काळजीनं मेव्हण्याला फोन केला.

मेव्हणा आला तो पॉवर बँक आणि डोक्याला बांधायची बॅटरी घेऊन. "रात्री रस्त्यानं ट्रक असतात, भावजी." बायकोनं स्वेटर कोंबला, कारण पहाटे गारठा असतो, दुपट्टा कोंबला, कारण दुपारी ऊन असतं, अर्धा किलो गोरसपाक कोंबला, कारण वर्ध्याबाहेर काय मिळतं? मुलीनं मानेची उशी पाठवली. शेजारच्या काकांनी अवकाळी पावसासाठी मेणकापड दिलं. शेवटी आई आली. तिच्या हातात काडेपेटीएवढी डबी होती. "बाबू, सुईदोरा हाय. बटनगिटन तुटलं तं."

काटा साडेअकरा किलोवर थांबला. रात्री एकेक वस्तू बाहेर काढून पाहिली, तेव्हा लक्षात आलं की यात माझं काहीच नाही. ही बायकोची थंडी आहे, तो मेव्हण्याचा ट्रक आहे, ती काकांची गारपीट आहे. घरी राहणाऱ्यांची धास्ती जाणाऱ्याच्या पाठीवर बांधायची, ही आपली पद्धत. ती कशी काढणार? सगळं परत आत भरलं.

निघायच्या पहाटे ती पिशवी पाठीला मारून, वाकून, मी राममंदिरापाशी उभा राहिलो. दिंडीचे भाऊ म्हणाले, "पाठीवर काय बांधलं बावा? बॅगा टेम्पोत टाका नं."

टेम्पो! दोन महिने मी ग्रॅम मोजत होतो, आणि सगळ्यांच्या बॅगा, गाद्या, गॅसची शेगडी आणि दोन पोती आलू टेम्पोतून जाणार होते. टूथब्रशचा दांडा आठवून मला भडभडून आलं.

टेम्पोचा एक नियम मात्र पहिल्याच दिवशी कळला. हवी ती वस्तू टेम्पोत असते, आणि टेम्पो पुढच्या मुक्कामी असतो. दुपारी उन्हात दुपट्टा टेम्पोत. पहाटे अंगात स्वेटर होता, तो नऊ वाजता काढला आणि टेम्पो गेलेला. गोरसपाक तेवढा खिशात ठेवला होता. देवळीपर्यंत त्याचा भुगा झाला. तो मी चिमटीचिमटीनं विभूतीसारखा वाटला.

तिसऱ्या दिवशी, धामणगावच्या अलीकडे, बुटानं बोलायला सुरुवात केली. दोन नंबरांच्या रिकाम्या जागेत पाय पुढंमागं प्रवास करत होता. पाय वर्ध्याहून शेगावला निघाला होता, त्यातलं बरंचसं तो बुटातच चालला. जाड सुती मोजे घामानं चिंब, ओली कातडी घासली जाऊन दोन्ही टाचांना टपोरे फोड. मी लंगडू लागलो.

"काऊन लंगडून रायले, भाऊ?" मागून एक मावशी आल्या. सत्तरीच्या असतील. पायात रबरी स्लीपर, एका पट्ट्याला सेफ्टी पिन. डोक्यावर पदर, हातात नायलॉनची पिशवी, तीत एक लुगडं आणि तांब्या. त्यांनी मला धुऱ्यावर बसवून बूट काढायला लावला, आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "बाप्पा! याच्यात तं दोघं जण राह्यतीन."

मग म्हणाल्या, "सुई हाय का कोनापाशी?"

आईची डबी वजनाला लागत नव्हती म्हणून मी ती शर्टाच्या खिशात ठेवली होती. एवढी एकच वस्तू टेम्पोत नव्हती. मावशींनी काडी पेटवून सुई तापवली, दोरा ओवला, फोडातून आरपार नेला आणि दोऱ्याची टोकं तशीच ठेवली. "पानी झिरपू द्या. कातडं काढू नोका." एकूण चार फोड. मग माझ्या बुटांकडे पाहून म्हणाल्या, "पायाले जे मालूम हाय तेच घालावं, भाऊ."

पायाला मालूम होत्या त्या घरातल्या जुन्या चपला. बायकोनं त्या मोरीत जायला म्हणून दिल्या होत्या. मुक्कामी त्या काढल्या आणि शेगावपर्यंत चाललो. हिमालयात चालणारे बूट टेम्पोत बसून आले.

शेगावात चप्पल स्टँडवर सेवाधाऱ्यानं त्या मोरीतल्या चपला दोन्ही हातांनी घेतल्या आणि बिल्ला दिला. २३ फेब्रुवारी १८७८ ला महाराज इथं प्रथम दिसले, ते टाकलेल्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना, अंगात एक जुनीपुराणी बंडी असताना. त्यांच्या दारात माझी साडेअकरा किलोची पिशवी उभी होती. मी तिच्याबद्दल काही बोललो नाही. त्यांनीही विचारलं नाही.

परतीला रेल्वेनं दहा दिवसांचं चालणं अर्ध्या दिवसात उलटं गुंडाळलं. घरी शिरलो तर आई दारातच. आधी पायांकडे पाहिलं, मी मोजे घालून होतो. मग डबी हातात घेतली. दोरा बराच कमी झाला होता.

"बटनं तुटली होती का रे, बाबू?"

"हो," म्हटलं. "चार."