चार दिवस, आठ डोकी, एक बेट

मित्रांच्या ग्रुपचा गोव्याचा बेत वर्षानुवर्षं रखडतो, पण युरोपचा तडीला जातो. कारण साधं आहे. गोव्याला आयत्या वेळी टांग मारता येते. शेंगेन व्हिसाचे ९० युरो भरले, ३० हजार युरोंचा प्रवास विमा काढला, आपलं बँक स्टेटमेंट परक्यांना दाखवलं, की दोस्ती आपोआप पक्की होते. म्हणून हल्ली आठ डोकी चार दिवसांसाठी माल्टाला निघतात.

माल्टा म्हणजे भूमध्य समुद्रातला ३१६ चौरस किलोमीटरचा देश, मुंबईच्या साधारण निम्मा. वस्ती साडेपाच लाखांच्या आसपास आणि २०२४ मध्ये आलेले पाहुणे ३५ लाखांहून जास्त. दर यजमानामागे सहा पाहुणे लग्नघरालाही झेपत नाहीत. इथे तर वऱ्हाड बारा महिने उतरतंय.

तशी या बेटाला टोळक्यांची सवय जुनीच. बायबलातल्या कथेप्रमाणे सेंट पॉलचं जहाज माल्टाच्या किनाऱ्यावर फुटलं, तेव्हा त्यावर २७६ जण होते. ना बुकिंग, ना विमा. तरी बेटावरच्या लोकांनी शेकोटी पेटवून त्यांना घरात घेतलं आणि मंडळी तीन महिने राहिली. पुढे १५३० मध्ये सेंट जॉनचे सरदार आले. युरोपभरच्या बड्या घरांतले हे पुरुष, व्रताने ब्रह्मचारी, निदान कागदोपत्री. बेट देणाऱ्या सम्राटाने भाडं ठरवलं होतं वर्षाला एक ससाणा. भाषेप्रमाणे गट पाडून प्रत्येक गटाने आपलं वसतिगृह बांधलं. हा ग्रुप २६८ वर्षं मुक्कामाला होता, पण त्याने वॅलेटा हे अख्खं शहर उभं केलं आणि चित्रकार काराव्हाज्जोकडून भिंतभर चित्र काढून घेतलं. कॅस्टिलवाल्यांच्या वसतिगृहात आज पंतप्रधानांचं कार्यालय आहे. आमचा ग्रुप चार दिवसांनी जो फ्लॅट मागे सोडतो, त्यात घरमालक डिपॉझिट कापूनसुद्धा पाऊल टाकायला कचरतो.

मग जून १७९८ मध्ये आला नेपोलियन. इजिप्तला निघाला होता. म्हणाला, पाणी भरायचंय, बंदर उघडा. सरदारांनी कळवलं, एका वेळी मोजकीच जहाजं. साहेबांना अपमान वाटला. तीन दिवसांत बेट घेतलं, आठवडाभर मुक्काम ठोकला. तेवढ्यात सरदारांना हाकललं, कायदे बदलले, चर्चमधली चांदी बांधून घेतली आणि पुढच्या ठिकाणाकडे रवाना! आठवड्यात माल्टा ‘करणारा’ हा पहिला पर्यटक. मागे ठेवलेल्या फौजेने चर्चच्या सामानाचा लिलाव मांडला, तेव्हा मात्र लोक उठले आणि ती फौज दोन वर्षं वॅलेटाच्या तटबंदीत कोंडून पडली.

आमच्या आठ जणांना हा इतिहास ठाऊक नसतो, पण स्वभाव नेमका तोच. कोमिनो बेटावरच्या ब्लू लगूनला आता एका वेळी चार हजार माणसांची मर्यादा आहे. २०२५ पासून आधी ऑनलाइन नोंदणी करायची, मनगटाला पट्टा बांधायचा. पैसे पडत नाहीत, तरी ग्रुप खवळतो: ‘एवढे पैसे टाकून आलो आणि समुद्रालाही रांग?’ त्याच किनाऱ्यावर भाड्याच्या आरामखुर्च्यांनी जागा बळकावली, म्हणून २०२२ मध्ये तिथल्याच कार्यकर्त्यांनी त्या उचलून बाजूला केल्या होत्या. म्हणजे रांग आपल्यासाठी आहे. समुद्र त्यांचा आहे.

खरी गंमत हायपोजियमची. सहा हजार वर्षांपूर्वीपासून खडकात कोरत नेलेलं हे तीन मजली भुयारी दफनस्थान. तासाला दहाच माणसं आत सोडतात आणि तिकिटं कित्येक आठवडे आधी संपतात. आपल्या ग्रुपने यावर काय केलं? पोल घेतला. तिघांनी अंगठा दाखवला, दोघांनी ‘बघू’ लिहिलं, एकाने ‘तिथे जेवण मिळतं का’ विचारलं आणि दोघांनी पाहिलाच नाही. तिकिटं संपली, चर्चा सुरू राहिली.

मग शेजारचं गोझो बेट. फेरीने तासाभराच्या आत पोचायचं आणि विचारायचं, ती समुद्रातली प्रसिद्ध दगडी कमान कुठेय? अझ्युअर विंडो ८ मार्च २०१७ च्या वादळात कोसळली. ती होती तेव्हा वर चढू नका असं बजावलं, तरी लोक चढत होते. आता आठ जण मोकळ्या आकाशापुढे उभे राहून फोटो काढतात. त्यात समुद्र थोडा आणि ग्रुप पुष्कळ.

रात्री सेंट ज्युलियन्सला जेवण आणि त्यानंतर कॉन्ट्रीचा हिशोब. ज्याने वाइन घेतली नाही त्याचं म्हणणं, ज्याने फक्त पाणी घेतलं त्याचं म्हणणं, आणि ज्याचं कार्ड चाललं त्याचं मौन. बेटावर नदी नाही. प्यायच्या पाण्यातलं बरंचसं समुद्राचं खारेपण काढून मिळवावं लागतं. ते पाणी ‘फुकट का नाही’ यावर मात्र ग्रुपचं एकमत होतं.

मुद्दा एवढाच. आठ जण मिळून बेट बघत नाहीत, एकमेकांना बघतात, आणि त्याला व्हिसा लागत नाही. माल्टाला जायचंच असेल तर चौघे जा, ऑक्टोबरनंतर जा, कोपऱ्यावरच्या दुकानातली वाटाण्याची गरम पास्टिझी खा, बसने फिरा. आणि कृपा करून हायपोजियमची तिकिटं आधी काढा. पोल नंतर घ्या.