हाँगकाँगी काका

हाँगकाँगला मुलाकडे राहून आल्यापासून कळंबचे हे काका एकच वाक्य बोलतात: 'काय थुंग आप कॉङ्'. तिथल्या कँटोनीज भाषेतली ही म्हण. कोंबडी बदकाशी बोलते. दोघं आपापलं ओरडतात, कोणाचं कोणाला कळत नाही. याच नावाचा विनोदी सिनेमा तिकडे १९८८ साली निघाला, हेही काका चहाबरोबर सांगतात. चहाचे पैसे अर्थातच ऐकणाऱ्यानं द्यायचे.

म्हण वापरण्याआधी उच्चार. कँटोनीजमध्ये सूर सहा. सूर हुकला की अर्थ गेला. 'काय' उंच आणि सपाट. 'थुंग' चिंतामणीच्या देवळाच्या पायऱ्यांसारखा खाली उतरला पाहिजे. 'आप' मधोमध. 'कॉङ्' वर चढता, आणि त्यासाठी हात वर न्यावाच लागतो. भर रस्त्यावर काकांनी तो नेला आणि नागपूरची एसटी थांबली.

"चला, बसा लवकर," कंडक्टर म्हणाला.

"मले कुठीच जायचं नाही. मी कॉङ् करून रायलो."

त्यावर कंडक्टर जे बोलला ते मात्र सगळ्यांना पहिल्या फटक्यात समजलं.

काकूंना या म्हणीची गरज कधी पडलीच नाही. हाँगकाँगच्या भाजीबाजारात त्या खुशाल वऱ्हाडीत घासाघीस करत. "एवढ्याशा वांग्याले इतके पैसे?" म्हणून वांगं परत ठेवलं की भाजीवाली भाव उतरवायची. काका मागे पिशवी धरून.

म्हण दोघांच्या बोलण्याला लावायची असते, हा नियम मात्र काका काटेकोर पाळतात. म्हणून ते भांडणं शोधत फिरतात. कापसाच्या हंगामात जिनिंगवर त्यांना सोन्यासारखं सापडलं. सरकारी खरेदीत ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, १२च्या वर गेला की गाडी परत. मीटर १४ दाखवत होतं. शेतकरी म्हणत होता, "स्लॅबवर वाळवला बापा!" ग्रेडर मीटरकडे बोट दाखवी, शेतकरी सूर्याकडे. काका मधोमध घुसले आणि हात खाली-वर करत चारही शब्द सुरात म्हणाले.

दोघं एकदम गप्प झाले. ग्रेडरनं हळूच विचारलं, "तुमच्यासोबत आहेत का हे?"

"नाही जी," शेतकरी म्हणाला, "मले वाटलं तुमचे मोठे साहेब आहेत."